झालं म्हटल्यावरचा फोटो

हर्सूलमध्ये कुणाच्याही घरी जा. भिंतीवर एक फोटो असेल आणि त्यातला माणूस नुकताच एखाद्या संकटातून सुटल्यासारखा दिसेल. खांदे सैल, हसू अर्धवट, नजर कॅमेऱ्यावरून निसटून बाजूला गेलेली. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, "काय झकास फोटो आलाय, अगदी बोलायला लागेल असा." घरचा माणूस म्हणतो, "कडुबानं फसवलं."

कडुबा म्हणजे आमचे कडुबाकाका. जेलच्या रस्त्याला त्यांचा 'मेघा फोटो स्टुडिओ' आहे आणि स्टुडिओच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. मी फुलंब्रीकडचा. वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्ट करतो. माझं नाव प्रणय, पण काका मला 'इंजिनेर' म्हणतात. त्यांचा बंद पडलेला पंखा मी एकदा चालू करून दिला, तेव्हापासून. पंख्याचा नुसता प्लग निघाला होता, पण पदवी एकदा मिळाली की मिळाली.

काकांची फसवण्याची रीत अशी. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं. काका म्हणतात, "हं, ताठ बसा. एक... दोन... तीन!" खटक. तोवर समोरच्यानं श्वास कोंडलेला असतो, डोळे वटारलेले असतात, तोंडावर पोलीस चौकीतली कळा आलेली असते. हा फोटो काकांना नकोच असतो. ते कॅमेरा जरा खाली घेतात आणि म्हणतात, "झालं, झालं. उठा आता." माणूस श्वास सोडतो, मान मोकळी करतो, बायकोकडं बघून ओशाळं हसतो. तेवढ्यात दुसरा खटक. तो खरा फोटो. रोलच्या जमान्यात तर पहिला खटक काका जिभेनंच वाजवायचे. पुतळ्यावर रोल कोण घालवील?

"माणूस फोटोला बसला की त्याचा पुतळा होतो रे इंजिनेर," ते मला सांगायचे. "झालं म्हटलं की परत माणूस होतो. आपल्याला पुतळा नाय पाहिजे, माणूस पाहिजे."

सगळ्या हर्सूलला हा डाव पाठ आहे. तरी सगळं हर्सूल दर वेळी फसतं. 'झालं' हा शब्दच असा आहे की तो ऐकून ताठ बसून राहणं कुणाला जमत नाही.

काकांचा जुना कॅमेरा आरशावाला होता. त्याचा खटक म्हणजे कुणीतरी रागानं दार आपटावं असा. पकडीचं रबर कधीच निघून गेलं होतं. त्या जागी क्रिकेटच्या बॅटला गुंडाळतात ती पट्टी. त्याच्या घड्याळाची आणखीच तऱ्हा. बॅटरी काढली की ते पहिल्या तारखेवर जायचं आणि काकांनी ते कधी पुढं ढकललं नाही. "तारीख पत्रिकेवर छापलेली असती की," ते म्हणायचे.

तर हा कॅमेरा पिसादेवी गावातल्या एका लग्नात, ऐन वरमाळेच्या वेळी गेला. आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. काकांनी शेवटी कुणाचा तरी मोबाईल मागून वेळ मारून नेली. घरी आले ते कुणी आपलं गेल्यासारखे आले.

आणि नेमकं त्याच दिवसांत मेघाचं लग्न ठरलं होतं. मेघा ही काकांची एकुलती एक. शहरात एका लॅबमध्ये रक्त तपासते. नवरा मुलगा संघपाल, वाळूजचा. माणूस इतका शांत की बोलणी ठरवायच्या दिवशी तो आलाय हे काकांना चहाचे कप मोजताना कळलं.

"आता फोटोला दुसरा माणूस सांगा," करुणाकाकू म्हणाल्या. "पोरीचं लग्न हाय. तुम्ही बाप म्हणून उभं राहा."

काका उसळले. "हलवायाच्या घरी बाहेरून जिलबी आणायची का? माझ्या पोरीच्या लग्नात दुसऱ्याचा कॅमेरा? नाय जमणार."

मेघानं बापाचा स्वभाव ओळखून वाद घातला नाही. तिनं सरळ आपल्या पगारातून त्यांना नवा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. एका रविवारी आम्ही तिघं क्रांती चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं कॅमेरा काकांच्या हातात दिला. काकांनी तो वांगी तोलावी तसा तोलला.

"आतलं सामान भरायचं राहिलं का?"

"नइं चचा, मिररलेस है. हलका रहता."

"म्हंजे?"

"आरसा नसतो पप्पा यात," मेघा म्हणाली.

"नवा हाय आन आरसाच नाय?" काकांनी बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. "चालू तर कर की भाऊ."

"चालूच है चचा. दो फोटो निकल भी गए."

"आवाज?"

"आवाज नइं आता. वोईच तो खूबी है."

फोडणीत टाकलेली मोहरी तडतडली नाही, तर बाई जशी कढईकडं बघते, तसे काका त्या कॅमेऱ्याकडं बघत राहिले. पण पोरीनं पैसे देऊन टाकले होते.

संध्याकाळी स्टुडिओत कॅमेरा लावायला बसलो. मी, मेघा आणि मधल्या खुर्चीत काका, दाताच्या डॉक्टरकडं बसतात तसे, हात मांडीवर. कॅमेऱ्यानं आधी भाषा विचारली, मग तारीख, मग मोबाईलवर त्याचं ॲप मागितलं. काकांच्या मोबाईलमध्ये ॲप मावेना. तो गुलाबाच्या फुलांच्या शुभसकाळींनी गळ्यापर्यंत भरला होता.

"ही फुलं काढून टाकू का?" मी विचारलं.

"लोकांनी प्रेमानं पाठवलेली हायेत. हात लावू नको."

मग ॲप मेघाच्या मोबाईलवर घेतलं. ॲपला ईमेल पाहिजे होता.

"कुणाचा?" काका म्हणाले.

"तुमचा."

"मला कोण लिहिणार हाय?"

मेघानं तो तिथंच काढून दिला. मग पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक काहीतरी चिन्ह पाहिजे, असं मी सांगितल्यावर काका म्हणाले, "कॅमेरा घेतलाय का तिजोरी?" तेवढ्यात पडद्यावर पट्टी आली: नवीन अपडेट आहे, होईपर्यंत कॅमेरा बंद करू नका.

"घरी आणला नाय तोवर दुखणं?"

"दुखणं नाही पप्पा, अपडेट. आतलं सॉफ्टवेअर सुधारून घेतात."

"मग लग्नाआधी संघपालचं पण करून घ्या. जरा आवाज तरी येईल."

मेघानं त्यांना चापट मारली. अपडेट होईपर्यंत काका कॅमेऱ्यावरून नजर हलवायला तयार नव्हते. चहा आला तो निवून गेला.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या भागूबाई आल्या. त्यांना भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. "आत्ताच चांगला काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "मेल्यावर पोरं कुठला बी लावतेत." त्या बसल्या. काका म्हणाले, "एक, दोन, तीन." शांतता. काका म्हणाले, "झालं, झालं. उठा आता."

भागूबाई हलल्या नाहीत. "काढला का?"

"काढला."

"वाजला कुठं?"

"हा वाजत नाय, मावशी. नवा हाय."

"मला फसवता का? वाजल्याबिगर मी उठत नाय." आणि त्या श्वास कोंडून तशाच बसल्या. शेवटी काकांनी पुतळाच काढला. पैसे घेतले नाहीत. "नीट निघाल्यावर द्या," म्हणाले, आणि जिन्याखाली येऊन मला हाक मारली, "इंजिनेर, खाली ये. ह्याला कंठ फुटला पाहिजे."

मेनूच्या पोटात शिरून मी आवाजाचा पर्याय शोधला आणि तो होता तितका वाढवला. काकांनी बटण दाबलं. टिक.

"हा खटक हाय का? पाल चुकचुकल्यासारखं वाटतंय." पण त्या टिकवर त्यांचं काम भागलं. लोक टिक ऐकायचे, झालं ऐकायचे आणि सैल पडायचे. धंदा परत रुळावर आला.

राहिलं कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर. जुन्या हार्ड डिस्कवरचे सगळे फोटो त्यात घ्यायचे होते. रात्रभर ते चालू ठेवलं. सकाळी बघतो तर जुन्या कॅमेऱ्याच्या त्या घड्याळापायी सॉफ्टवेअरनं अख्ख्या तालुक्याची लग्नं एकाच तारखेला लावून दिली होती. काका खूश झाले. "एवढा मोठा सामुदायिक विवाह कुणी केला नसंल."

पण त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. ते फोटोंतले चेहरे ओळखून सारखे सारखे एकत्र लावायचं आणि प्रत्येकाखाली विचारायचं, हे कोण? मेघाला गंमत वाटली. लग्नाची धावपळ सोडून ती घरचे फोटो घेऊन नावं टाकत बसली. जावळ काढलेली मेघा, दात पडलेली मेघा, गॅदरिंगमध्ये शेतकरीण झालेली मेघा. सॉफ्टवेअरनं हे सगळे फोटो एकाच मुलीचे आहेत हे बरोबर ओळखलं होतं. मग काकू. मग मामा, आत्या, शेजारपाजार. सगळ्या गोतावळ्याची नावं टाकून झाल्यावर ती माउस धरून नुसतीच बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"पप्पा कुठं?"

शोधलं. तळ्यावरच्या सहलीच्या फोटोत मेघाच्या फ्रॉकवर एक लांब सावली पडली होती, टोपी घातलेली. ते काका. वाढदिवसाच्या फोटोत कपाटाच्या आरशात एक माणूस दिसत होता. पण त्याच्या तोंडापुढं कॅमेरा होता आणि सॉफ्टवेअरनं त्याला चेहरा मानलंच नव्हतं. एका ठिकाणी स्टीलच्या पिंपावर वाकडंतिकडं कोपर दिसलं. बस. घरात आयुष्यभर फोटो निघाले आणि ज्यानं काढले तो एकातही नव्हता.

काका बाहेर शटर पुसत होते. मेघा दारात जाऊन उभी राहिली.

"पप्पा, माझ्या लग्नात मला एक फोटो पाहिजे. मी, तुम्ही, आई. तुम्ही आतमध्ये."

"मी आतमध्ये आलो तर काढील कोण?"

"मोबाईल. कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि ॲपमधून बटण दाबायचं. म्हणूनच हा घेतलाय."

काकांनी शटर पुसायचं थांबवलं नाही. "बघू."

"बघू नाही. आणि पुतळा नको मला. पुतळा घेऊन सासरी जाणार नाही मी. झालं म्हटल्यावरचा पाहिजे."

तेव्हापासून स्टुडिओत रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. कॅमेरा स्टँडवर, समोर बाकड्यावर काका आणि काकू, काकांच्या हातात मेघाचा मोबाईल. मोबाईलच्या पडद्यावर काकांना अख्खा फोटो दिसायचा आणि तिथंच सगळं बिघडायचं. पडद्यावर काकूंचा पदर वाकडा दिसला की ते उठून पदर नीट करायला जायचे आणि फोटोत त्यांची पाठ यायची. प्रकाश कमी वाटला की उठून लाइट हलवायचे. बसून राहिलेच, तर मान खाली, नजर मोबाईलमध्ये. रिक्षा स्टँडवरची पोरं बसतात अगदी तसे.

"वर बघा काका," मी म्हणायचो.

ते वर बघायचे. आणि बघताक्षणी पुतळा. अख्ख्या हर्सूलला ज्यानं सैल सोडलं, तो माणूस स्वतः इतका ताठ बसायचा की काकू म्हणाल्या, "अहो, श्वास घ्या. इथं जेलर आलेला नाय."

त्यांचाच डाव त्यांच्यावर करून बघितला. "झालं काका, उठा आता."

काका डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "आवाजात दम नाय. मनातून म्हणावं लागतं. वैद्यालाच पुडी देतो का रे?"

निघालेले फोटो ते बघायचे आणि एकेक करून पुसायचे. "ह्यात मी हाय का?"

"हाय की," काकू म्हणायच्या.

"म्हणूनच बिघडलाय."

लग्न जवळ आलं तशी मेघा तालमीलाही येईनाशी झाली. काकू मला हळूच म्हणाल्या, "पोरगी मनाला लावून घेतीया. ह्यांना कळतंय, पण जमत नाय."

लग्न विहाराच्या मैदानावर होतं. मेघा पांढऱ्या साडीत, संघपाल पांढऱ्या सदऱ्यात आणि त्यांच्याइतकाच पांढरा सदरा घालून काका, गळ्यात कॅमेरा. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं तसे काकांनी सगळ्यांबरोबर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणायला लागले. पण जोडलेल्या हातांमध्येच कॅमेरा होता आणि प्रत्येक शीलाला एक टिक वाजत होता. पुढं बसलेल्या एका म्हातारबुवांनी मागं वळून बघितलं. काका म्हणाले, "जयभीम, दादा. समोर बघा, फोटोत येताय." वर-वधूनं हार घातले, फुलं पडली, काका कधी स्टेजच्या पायरीवर, कधी खुर्चीवर, एकदा तर मांडवाच्या खांबाला धरून. नवरीचा बाप कुठाय असं पाहुणे विचारत होते आणि काकू वरच्या दिशेनं बोट दाखवत होत्या.

जेवणाच्या पंगती बसल्या तसं मेघानं मला बाजूला घेतलं. "दादा, आता तो फोटो. कॅमेऱ्याचा आवाज बंद कर."

"कशाला?"

"कर. आणि मी मान हलवली की म्हण, झालं."

"अगं, ते फसायचे नाहीत."

"नाही फसले तरी चालेल," ती म्हणाली.

मी स्टँडवर कॅमेरा लावला, मेनूत जाऊन टिक बंद केला. काकांना अक्षरशः धरून स्टेजवर आणलं. मधे मेघा, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला काकू, काकूंच्या पलीकडं संघपाल. काकांनी सवयीनं मोबाईल मागितला.

"माझ्याकडं राहू द्या," मेघा म्हणाली. तिच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ होता. मोबाईल त्या गुच्छामागं गेला. "तुम्ही फक्त उभं राहा."

काका उभे राहिले. पाय जुळवलेले, हात मांडीला चिकटलेले, हनुवटी वर. ध्वजवंदनाला उभं राहावं तसे. मी मोजलं, "एक... दोन... तीन." कॅमेरा गप्प. मेघानं मान हलवली. मी जितका जीव आणता येईल तितका आणून म्हणालो, "झालं काका! उतरा आता, भात निवतोय."

काका हलले नाहीत. त्यांचा एक कान कॅमेऱ्याकडं लागलेला होता. मग त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"अरे हट! टिक कुठं वाजला?" त्यांनी माझ्याकडं बोट रोखलं. "माझाच डाव, माझ्याच पोरीच्या लग्नात, माझ्यावरच? करुणा, बघितलं का ह्याला? पंखा काय नीट केला, आता मला शिकवायला निघालाय!" आणि ते हसायला लागले. पडलेल्या दाताची खिडकी दाखवत, पोट हलवत. मला पकडल्याचा आनंद त्यांना आवरेना. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. संघपालसुद्धा हसला; आवाज आला की नाही सांगता येत नाही. मेघा बापाकडं बघत होती.

मग काकांनी डोळे पुसले, सदरा खाली ओढला आणि परत पाय जुळवले. "हं. आता नीट काढा. टिक वाजवा."

"झालं, पप्पा," मेघा म्हणाली.

"काय झालं? मी अजून तयार नाय."

तिनं गुच्छामागून मोबाईल काढून त्यांच्यापुढं धरला. काकांनी तो जवळ घेतला, लांब धरला, खिशातला चष्मा काढून लावला. पंगतीतून कुणीतरी मिठाची हाक मारत होतं. मी म्हटलं, आता पुसतील.

"फोकस बरोबर हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "खालून फूल आडवं आलंय." मग मोबाईल तिच्या हातात परत देऊन ते कॅमेऱ्याकडं गेले आणि आमच्याकडं पाठ करून बराच वेळ काहीतरी बघत राहिले.

"काय झालं, काका?"

"बॅटरी बघतोय."

बॅटरी भरलेली होती. मीच सकाळी भरून लावली होती. काकू गेल्या आणि त्यांच्याशेजारी उभ्या राहून त्याही बॅटरी बघायला लागल्या.

मेघा तो फोटो घेऊन वाळूजला गेली. त्याचीच एक मोठी प्रत आता स्टुडिओच्या काचेत आहे. खालून आडवं आलेलं फूल तसंच आहे. आणि काकांच्या कामाची रीत थोडी बदलली आहे. त्यांनी माझ्याकडून कॅमेऱ्याचं एक बटण असं लावून घेतलंय की हवं तेव्हा फोटो टिक वाजवून निघतो आणि हवं तेव्हा गुपचूप. हर्सूलला आता काहीच अंदाज लागत नाही.

परवा भागूबाई आल्या. राहिलेला फोटो नीट काढून घ्यायला. काचेतला फोटो बघून म्हणाल्या, "हे तुम्हीच का? लई चांगले आलात की. कोण काढला?"

"पोरीनं."

"काय म्हणून हसवलं तिनं?"

"कायबी न म्हणता काढला," काका म्हणाले. "बसा तुम्ही. आज वांगी काय भाव?"

भागूबाईंनी वांग्यांचा भाव सांगितला. मग पावसानं कशी वाट लावली ते सांगितलं, जाधववाडीच्या भाजीबाजारातला व्यापारी किती लबाड आहे तेही हातवारे करून सांगितलं. सांगून झाल्यावर पदर नीट केला, मान ताठ केली, श्वास कोंडला आणि म्हणाल्या, "हं. काढा आता."

काका कॅमेऱ्याचं झाकण लावत होते.

"झालं, मावशी."